शिवणीतली माया

लालबागच्या चाळीत आत्याच्या खोलीत शिरताना आधी मशीनचा आवाज ऐकू येतो, मग आत्या दिसते. खोली दहा बाय बाराची. खिडकीजवळची जागा गेली पन्नास वर्षं तिच्या पायमशीनची आहे. कपाट, मोरी, देव्हारा, माणसं, सगळ्यांनी त्या मशीनला वळसा घालूनच संसार केला. त्या दिवशी मी आईचा जुना ब्लाउज घेऊन गेले होते. शालूवरचा, डाळिंबी रंगाचा, १९८३च्या मे महिन्यात आत्यानेच शिवलेला. मला तो दोन बोटं घट्ट होत होता. दुसऱ्या हातात एक जाडजूड पुस्तक होतं, भानू अथय्या यांनी वेशभूषेच्या कलेवर लिहिलेलं, २०१० साली निघालेलं. दादरच्या एका कॉलेजात मी फॅशनच्या मुलींना रेखाटन शिकवते आणि दुसऱ्या दिवशीचा माझा तास भानूताईंवर होता.

ब्लाउज बाजूला राहिला. बोलणं पुस्तकावरून सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. आमची मतं तेव्हा जुळली नाहीत, अजूनही पुरती जुळलेली नाहीत. म्हणून जसं बोललो तसंच लिहिते आहे.

आत्या : ही ऑस्करवाली ना? पेपरात फोटो आला होता, साडी नेसून हातात ती सोनेरी बाहुली घेतलेली. अथय्या आडनाव वाचून मला वाटलं, दक्षिणेकडची कोणी असेल.

मी : खूप जणांना तसंच वाटतं. आत्या, ती कोल्हापूरची. माहेरची भानुमती राजोपाध्ये, जन्म २८ एप्रिल १९२९चा. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, फोटोग्राफर होते, बाबूराव पेंटरांच्या सिनेमांत त्यांनी काम केलेलं. ते लवकर गेले. ही चित्रकला शिकायला मुंबईला आली, जे. जे.मध्ये. तिथे सुवर्णपदक मिळवलं. आणि १९५३मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या चित्रकारांबरोबर तिची चित्रं प्रदर्शनात लागली. त्या सगळ्या पुरुषांत ही एकटी मुलगी.

आत्या : कोण हे ग्रुपवाले?

मी : सूझा, रझा, हुसेन, आरा. मागून गायतोंडे आले. गायतोंडे तर आपल्या गिरगावच्या चाळीत वाढलेले. त्यांचं एकेक चित्र आज कित्येक कोटींना जातं. आणि त्यांच्या बरोबरीनं भिंतीवर चित्र लावणारी ही मुलगी ब्रश खाली ठेवते आणि नट्यांचे कपडे करायला लागते. मला त्याचंच वाईट वाटतं. उद्या मुलींना मी हेच सांगणार आहे, की आपली एक मोठी चित्रकार सिनेमानं नेली.

आत्या : नेली म्हणजे? पळवून नेली?

मी : तसं नाही. चित्रं विकून पोट भरण्याचे दिवसच नव्हते ते. ती नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं काढायची, ‘ईव्हज वीकली’साठी. त्या साप्ताहिकाच्या संपादकांनी बुटीक काढलं आणि तिला सुचवलं, कागदावर काढतेस ते आता कापडावर करून बघ. तिथे कामिनी कौशल कपडे करून घ्यायला आली. मग नर्गिस. नर्गिसच्या ओळखीनं राज कपूर. १९५५च्या ‘श्री ४२०’मध्ये नादिराचा तो पायघोळ गाऊन आठवतो? तो हिचा. दुसऱ्या वर्षी ‘सी.आय.डी.’, मग ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’. शंभरावर सिनेमे केले.

आत्या : मग सोडलं काय तिनं? कागदावरचं कापडावर आणलं. अगं, मी शिवण शिकायला लागले तेव्हा मास्तरांनी पहिले दोन महिने वर्तमानपत्रावरच कटिंग करायला लावलं. कागदावर बाही सपाट असते. अंगात घातली की तिला गोलाई येते, आणि हात वर केला की ती मुंढ्यात ओढते. कागदावर सुरेख दिसलेली बाही अंगावर बसेलच असं नाही. दोन्ही जमणारी माणसं मी चाळीस-पन्नास वर्षांत दोन-तीनच पाहिली. तू तिचं वाईट वाटून घेतेस कशाला?

मी उत्तर द्यायच्या ऐवजी पुस्तक उघडलं आणि ‘आम्रपाली’ची पानं काढली. १९६६चा सिनेमा, वैजयंतीमालेचा. बुद्धाच्या काळातली वैशालीची नर्तकी. त्या काळचं कापड कुठे शिल्लक नाही, म्हणून भानूताई अजिंठ्याला गेल्या आणि लेण्यांतल्या भिंतीवरच्या बायका बघून आल्या: कमरेला गुंडाळलेलं वस्त्र कुठे कसं खोचलंय, काचोळीची गाठ कुठे येते, दागिना कापडावर बसतो की कातडीवर. हे बघायला चित्रकाराचाच डोळा लागतो, असं मला म्हणायचं होतं. आत्यानं चष्मा लावला आणि फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

आत्या : ही गाठ दिसायला आहे. आतून हूक असणार. नाचताना नुसती गाठ टिकत नाही.

मी : तुला काय माहीत?

आत्या : दामोदर हॉलला कामगारांची नाटकं व्हायची, त्यांच्या कपडेपटासाठी मी वर्षानुवर्षं शिवलंय. दोन प्रवेशांच्या मध्ये नटीला नऊवारी बदलायला दीड मिनिट मिळायचं. नेसून कुठे होणार? मग मी नऊवारी शिवून ठेवायची. कासोटा, निऱ्या, सगळं टाके घालून पक्कं, कमरेला नाडी. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की बाईनं घरून नेसून आणलीये. म्हणून सांगते, ही जी कुणी आहे, तिला कापड नाचताना कुठं कुठं जातं ते ठाऊक होतं. लेण्यातली बाई हलत नाही. वैजयंतीमाला थांबत नाही. त्या दोघींच्या मधलं काम हिचं.

हे मी माझ्या वहीत लिहून घेतलं. तासाला तेच सांगितलं.

मी : पण मुली तिला फॅशन डिझायनर म्हणतात, आत्या. मला ते खटकतं. ती वेशभूषाकार होती.

आत्या : फॅशन नाही केली असं कोण म्हणतं? ‘वक्त’ लागला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. त्या सिनेमातला साधनाचा तो अंगासरशी कुडता आणि चुडीदार! त्याच्या आधी आमच्याकडे पंजाबी ड्रेस म्हणजे ढगळ सलवार. नंतरची कितीतरी वर्षं प्रत्येक मुलीला साधनासारखाच पाहिजे. थिएटरबाहेर गाण्यांची पुस्तकं मिळायची, त्यावरचा एवढासा फोटो घेऊन यायच्या. चुडीदार उरेब कापावा लागतो, कापड जास्त जातं. मुली आणायच्या बेतानं. आई बाहेर उभी राहून डोळे वटारणार, एवढं घट्ट नको. मुलगी आत माझ्या कानात सांगणार, अजून अर्धा इंच आत घ्या. मी पाव इंच घ्यायची, दोघींचंही राखायची. मग ‘ब्रह्मचारी’ आला, ६८ साली. मुमताजची ती केशरी साडी, अंगाभोवती गुंडाळत गेलेली.

मी : तीही शिवलेलीच होती. शम्मी कपूरबरोबर तसं नाचायचं म्हणजे नेसलेली साडी कुठे टिकायची?

आत्या : बघ! मी नऊवारीला केलं तेच. पण आमच्याकडे येणाऱ्या कुठल्या मुलीला ही भानू माहीत होती? साधनाचा कुडता, मुमताजची साडी. अंगात घालणारीचं नाव लागतं, शिवणारीचं नाही.

मी : हाच तर अन्याय आहे!

आत्या : अन्याय कसला? कामच तसं आहे. बघणाऱ्याला साधना दिसली म्हणजे तिचं काम झालं. कुडता दिसला असता तर मी म्हटलं असतं, बाई चुकली.

मी : तू शिवणाऱ्याच्या बाजूनं बोलतेस आणि तूच तिचं नाव पुसतेस.

आत्या : मी पुसत नाही. तू एकीचं नाव लावतेस, माझं म्हणणं बाकीच्यांचंही लाव. तिनं चित्र काढलं, कापड निवडलं, मान्य. कापलं कुणी? काज कुणी केलं, जर कुणी टाचली, आंब्याच्या आकाराची टिकली कुणी एकेक करून बसवली? भुलेश्वरला जाऊन लेस कुणी आणली? सेटवर इस्त्री घेऊन कोण उभं होतं? त्यातल्या एकाचं नाव तुझ्या पुस्तकात सापडतं का बघ. तुझ्या मुलींना उद्या हे सांगशील?

आत्याचा हा प्रश्न मला टोचला, कारण मी वर्गात कधीच कारागिरांबद्दल बोलत नाही. तरी एक गोष्ट मी तिला सोडून दिली नाही. ज्या काळात सिनेमात कपड्यांचं काम म्हणजे ड्रेसवाल्याच्या गोदामातून पेटारे आणणं एवढंच समजलं जायचं, त्या काळात एका बाईनं पटकथा वाचून, प्रत्येक पात्राचं घर, पैसा, वय, ऋतू विचारून कपडा ठरवायचा आग्रह धरला. तिच्या त्या आग्रहामुळे हे काम कलेत गेलं. कारागिराचा मान वाढायचा तर आधी कामाचा मान वाढावा लागतो. आत्याला हे निम्मंच पटलं. मग आम्ही ‘गांधी’ सिनेमावर आलो, आणि तिथे ती एकदम गप्प झाली.

मी : काय झालं?

आत्या : तो सिनेमा मी पाहिलेला नाही.

मी : अजून? त्याच सिनेमासाठी तर ऑस्कर मिळालं. ११ एप्रिल १९८३. भारतातलं पहिलं.

आत्या : तेव्हा सगळी चाळ बोलत होती. मी नाही गेले. आधी तू सांग, गांधींच्या सिनेमात कपड्यांचं एवढं काय? पंचा आणि खादी.

मी : त्या माणसाचं सगळं चरित्रच कपड्यांत आहे, आत्या. १८९३ला दक्षिण आफ्रिकेत उतरतो तो सुटाबुटातला बॅरिस्टर. १९१५ला मुंबईत उतरतो तो काठेवाडी पोशाखात. १९२१ला मदुराईत सगळं उतरवून पंचा नेसतो. बेन किंग्जले पडद्यावर जसजसा म्हातारा होतो, तसतसं अंगावरचं कापड कमी होत जातं. प्रत्येक टप्प्याला ते कापड त्या वर्षाचं, त्या धुण्यातलं वाटायला हवं. आणि भोवती अख्खा देश. नेहरू, जिना, पटेल, नीळ पिकवणारे बिहारी शेतकरी, मिठाला निघालेले गुजराती. कुणाची पगडी कशी, कुणाचं धोतर कुठपर्यंत. इंग्रजांचे गणवेश जॉन मोलो यांनी केले, त्यांना आधी ‘स्टार वॉर्स’साठी ऑस्कर मिळालेलं होतं. हिंदुस्थानी माणसं सगळी भानूताईंची. कस्तुरबा आपली रोहिणी हट्टंगडी. तिच्या साड्या बघ, आफ्रिकेतल्या काठापदराच्या आणि नंतरच्या आश्रमातल्या.

आत्या : नवी खादी फार कडक असते. पुतळ्याला नेसवल्यासारखी दिसते. नाटकात गरीब म्हातारा असला की मी धोतर आधी चहाच्या पाण्यात उकळायची, मग चार दिवस गच्चीत उन्हात टाकायची, गुडघ्याजवळ हातानं चोळायची. गुडघा आधी विरतो. तिनंही काहीतरी असंच केलं असणार.

मी : मग बघितला का नाहीस?

आत्यानं पायमशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक फिरवलं नाही.

आत्या : १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस घरी बसलं. तुझे आतोबा साचेखात्यात, चार साचे म्हणजे चार माग सांभाळायचे. आधी वाटलं महिनाभर, मग वाटलं गणपतीपर्यंत. वर्ष उलटलं तेव्हा हा सिनेमा गाजत होता. शेजारच्या मुलांनी येऊन सांगितलं, पडद्यावर चरखा फिरतो. आणि माझ्या घरात कापड विणणारा माणूस खिडकीत बसून बंद गिरणीच्या चिमणीकडे बघतोय. चरख्याचं कौतुक बघायला मी पैसे कुठून काढू, आणि काढले तरी कुठल्या डोळ्यांनी बघू? घर ह्या मशीनवर चाललं. दिवसाला पाच ब्लाउज, कधी सात. फॉल लावायला रात्रीचे दोन वाजायचे.

मी : गांधींचा तर गिरणगावाशी जवळचा संबंध होता. विदेशी कापडाची पहिली मोठी होळी इथेच परळला झाली, ३१ जुलै १९२१ला, उमर सोबानींच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात.

आत्या : सासरे सांगायचे ते. त्यांनीही मोठ्यांकडूनच ऐकलेलं. रेशमी साड्या, टोप्या, कोट, ढीगच्या ढीग. आणि बाबू गेनू? तोही गिरणीतलाच. १२ डिसेंबर १९३०, काळबादेवीला, विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. तो आहे का तुझ्या सिनेमात?

मी : नाही.

आत्या : तेच म्हणते मी. कापडासाठी मेला तो नाही, कापड विणणारे नाहीत. तिला दोष देत नाही मी. गोष्ट तिनं लिहिली नव्हती. जे दिलं त्याला तिनं खरा कपडा चढवला. ‘लगान’ही तिचाच ना? तो मी टीव्हीवर तीनदा पाहिलाय. तो बघताना माझं लक्ष खेळाकडे नव्हतंच. अकरा माणसं, अकरा तऱ्हा. लोहाराची बंडी वेगळी, कुंभाराची वेगळी, कोंबड्या पाळणाऱ्याची वेगळी. दुष्काळातल्या गावातला कपडा जसा विटतो तसाच विटलेला. मी आतोबांना म्हटलं होतं, हे ज्यानं केलंय त्याला गरिबी ठाऊक आहे.

मी : त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला. त्याआधी ‘लेकिन’साठीही. आणि २०१२मध्ये काय केलं माहितीये? ऑस्करची बाहुली परत पाठवून दिली, अमेरिकेला, त्या अकादमीकडे. इथे ती नीट राहील याची तिला खात्री वाटेना. टागोरांचं नोबेल पदक शांतिनिकेतनातून २००४ला चोरीला गेलं, ते तिच्या मनात होतं. आत्या, मी वाचलं तेव्हा रडले होते. एवढ्या मोठ्या मुंबईत तिच्या बाहुलीला एक कपाट नव्हतं.

आत्या : बरोबर केलं तिनं.

मी : कसं बरोबर?

आत्या : वस्तू जिथे जपली जाईल तिथे ठेवावी. घरात ठेवली असती तर दोन पिढ्यांनी कुणीतरी पेपरवेट केलं असतं. रडायचं तर आपल्यावर रड, तिच्या निर्णयावर कशाला? काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर कापडाचं म्युझियम करायचं म्हणतात ना? तिथे कर म्हणावं तिची खोली.

मी : मीही तेच म्हणते! तिची रेखाटनं, ‘आम्रपाली’चे आराखडे, खादीचे नमुने...

आत्या : आणि साचा. एक चालू साचा ठेवायचा, आवाजासकट. आणि भिंतीवर मास्तरांची नावं.

मी : तिचं नाव आधी.

आत्या : आधी-मागे कशाला? एका ओळीत लिहा.

यावर आमचं जमलं नाही. मला अजूनही वाटतं, नाव आधी तिचंच यावं. जिनं हे काम कपडेपटाच्या पेटाऱ्यातून बाहेर काढलं, तिचं नाव इतक्या लोकांना माहीत नसताना ते ओळीत हरवू द्यायला मी तयार नाही. १५ ऑक्टोबर २०२०ला त्या गेल्या, एक्याण्णव वर्षांच्या होऊन. चंदनवाडीत त्यांना निरोप दिला. कोविडचे दिवस होते, लोकल सगळ्यांना खुल्या नव्हत्या. लालबागहून चंदनवाडी काही लांब नाही, तरी मी गेले नाही. त्याची रुखरुख मी आत्याला पहिल्यांदाच सांगितली. ती काही बोलली नाही. उठून तिनं ब्लाउज घेतला, उलटा केला आणि ब्लेडच्या कोपऱ्यानं बाजूची शिवण उसवायला लागली.

टाके बारीक होते. एकेक टाका सुटत गेला तशी आतली माया, शिवणीपलीकडे राखून ठेवलेलं जास्तीचं कापड, उघडी झाली. बाहेरचा डाळिंबी रंग चाळीस वर्षांत विटकरी झाला होता. माया मात्र कोऱ्या कापडासारखी लालभडक, जणू दुसऱ्याच ताग्यातली.

मी : केवढी माया ठेवलीयेस! दोन्हीकडे जवळजवळ दीड इंच. एवढी कोण ठेवतं?

आत्या : संप मोडला नव्हता. वहिनी लग्न होऊन घरात येणार, पुन्हा नवा ब्लाउज कधी होईल ठाऊक नव्हतं. पुढे बाळंतपणं होणार, अंग भरणार. मी म्हटलं, कापड कमी पडू द्यायचं नाही.

तिनं टेप गळ्यात घातली, तोंडात टाचण्या धरल्या आणि मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. डाव्या मुंढ्याजवळ दोन बोटं घालून कापड कुठं ओढतंय ते चाचपलं.

“सरळ उभी राहा,” ती टाचण्यांमधून म्हणाली. “हां. आता हात वर कर.”